अठ्ठाविसाव्या वर्षी कवळी

मावळात कितीतरी माणसं माझ्या हातच्या दातांनी जेवतात, आणि त्यातल्या बहुतेकांना माझं नावही माहीत नाही. ही तक्रार नाही. कवळी चांगली जमली की ती कवळी आहे हेच समोरच्याला कळत नाही. मग बनवणारा कुठून कळायचा? दवाखान्याच्या पाटीवर डॉक्टरांचं नाव असतं. आम्ही मागच्या खोलीत, प्लास्टरच्या धुळीत.

माझं नाव इब्राहीम. लोणावळ्याच्या बाजारात, कापडाच्या एका दुकानावरच्या मजल्यावर दातांचा दवाखाना होता. त्याच्या मागच्या खोलीत मी चौतीस वर्षं कवळ्या केल्या. आधी थोरल्या डॉक्टरांच्या हाताखाली, आणि ते गेल्यावर त्यांच्या मुलीबरोबर, म्हणजे नीला डॉक्टरांबरोबर. नीला डॉक्टर लहान असताना माझ्या टेबलाखाली बसून मेणाचे हत्ती-घोडे करायच्या. पुढे त्याच माझ्या कामावर लाल पेन्सिलीनं खुणा करून ते परत पाठवायला लागल्या. गेल्या वर्षी डोळ्यांनी साथ सोडली, सरळ लावलेली दातांची रेघ मला वाकडी दिसायला लागली, तेव्हा मी आपणहून थांबलो. आता वलवणला घरी असतो. सकाळी धरणाच्या बाजूला फिरायला जातो, आणि समोरून येणारा हसला की आधी त्याचे दात बघतो. खोड जात नाही.

बाहेरच्या माणसाला कल्पना यावी म्हणून काम थोडक्यात सांगतो. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात, म्हणजे मऊ लगद्यात जबड्याचा ठसा. त्या ठशात मी प्लास्टर ओततो, की त्या माणसाच्या जबड्याचा पांढरा साचा तयार. साच्यावर मेणाची पट्टी, मेणात एकेक दात. मग हे मेणातले दात पेशंटच्या तोंडात बसवून बघायचे. ओठ नीट मिटतात का, 'स' आणि 'फ' स्वच्छ येतात का, हसल्यावर किती दिसतात. सगळं पसंत पडलं की मेण वितळवून काढायचं आणि त्याच्या जागी गुलाबी पूड आणि उग्र वासाचं पाणी कालवून केलेला लगदा भरायचा. तो दाबून गरम पाण्यात शिजवायचा. बाहेर काढला की घासायचा, चकाकी आणायची. मी संध्याकाळी घरी गेलो की बायको दारातच वासावरून ओळखायची, आज लगदा भरलात.

थोरल्या डॉक्टरांनी एक खेळ लावून दिला होता. साच्यावरचं नाव अंगठ्याखाली झाकून ते विचारायचे, इब्राहीम, हा कोण? पुढच्या दाताला बारीक खाच दिसली तर शिंपी, दातानं दोरा तोडणारा. दात मुळाशी घासून गेलेले असले तर मिश्री लावणारी मावशी. एकाच बाजूची झीज असेल तर दुसरी बाजू वर्षानुवर्षं दुखत होती आणि गड्यानं ते अंगावर काढलं. वय मी दोन-चार वर्षांच्या फरकानं सांगायचो. प्लास्टर खोटं बोलत नाही, असं मला त्या काळात वाटायचं.

गिऱ्हाईकं एकेक होती. आंदर मावळातले एक कोंडिबाआबा मला कधी विसरता येणार नाहीत. गडी म्हशी राखणारा. डोंगराच्या एका अंगावर उभं राहून दुसऱ्या अंगाच्या म्हशींना शिट्टी घालायचे. दात गेले तशी शिट्टी गेली, म्हणून कवळी केली. मी मोठ्या कौतुकानं त्यांना सुरेख, एकसारखे, एकाला एक लागून दात लावून दिले. आठवड्यानं आबा परत हजर. तीन कोस चालून, मग एसटी, मग आमचा जिना.

"दात ग्वाड हायेत, भाई," ते म्हणाले. "पन म्हशी वळकत न्हाईत मला."

वारा निसटायला पुढे फट हवी होती आणि मी ती बुजवून टाकली होती. दिवसभर ते माझ्या शेजारी स्टुलावर बसले. मी पुढच्या दोन दातांमध्ये केसभर घासायचो, ते कवळी घालून गॅलरीत जायचे आणि शिट्टी घालायचे. बाजारातली माणसं माना वर करून बघायची. पाचव्या खेपेला ती अशी गेली की समोरच्या चहावाल्यानं हातातली किटली खाली ठेवली. आबा आत आले, मान हलवली आणि पिशवी उचलली. पुढे दर सुगीला त्यांच्या घरून इंद्रायणी तांदूळ यायचा. त्या तांदळाचा वास मला अजून आठवतो. तेव्हा दात जाणं हे म्हातारपणाबरोबर येणारं, घरातलं दुखणं होतं. माझ्याकडे येणारी माणसं आपलं आयुष्य जगून, खाऊन-चावून मग यायची. मी त्यांना उरलेल्या जेवणापुरता हात द्यायचो.

म्हणूनच तो साचा टेबलावर आला तेव्हा माझा अंदाज चुकला.

नीला डॉक्टरांनी वडिलांसारखाच अंगठा नावावर ठेवला होता. मी साचा खिडकीपाशी नेला. वरचे पुढचे दात हिरडीजवळ पोखरून निघालेले, काही नुसते खुंट. दाढा वरून सपाट झिजलेल्या, जात्याच्या पाळीसारख्या. मी म्हणालो, बाई आहे. साठ-बासष्टची. मिश्रीची नाही, पण झोपेत दात खाते, गोड फार खाते, आणि घरात तिच्याकडे बघणारं कुणी नाही.

डॉक्टरांनी अंगठा काढला. वैशाली असं नाव होतं आणि पुढे वय. अठ्ठावीस.

वैशाली बेगडेवाडीची. वडील सुदामभाऊ रेल्वेत गँगमन होते, रुळांची देखभाल करण्यात त्यांची उभी हयात गेली. आई लवकर गेलेली. मुलीला त्यांनी बी.कॉम. केलं, इंग्रजी बोलायच्या क्लासला घातलं, आणि ती लोणावळ्याजवळच्या एका रिसॉर्टमध्ये स्वागतकक्षात लागली. म्हणजे येणाऱ्या पाहुण्याला हसून नमस्कार करणं हीच तिची नोकरी. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिनं तोंडाला ओढणी गुंडाळली होती आणि ती काढायला तयार नव्हती. अंगानं काटकी झालेली, गालावर नखानं उकरल्यासारखे चार-पाच डाग. पाय सारखा हलत होता. पण बोलणं गोड, आदबीचं. मला तिनं पहिल्या दिवसापासून काका म्हटलं.

नीला डॉक्टरांनी विचारलं, काही औषधं चालू आहेत का, कसली सवय आहे का. ती नाही म्हणाली. ॲसिडिटी आहे आणि ड्युटीवर थंड पेयं फार प्यायली जातात, एवढंच सांगितलं. डॉक्टरांना शंका होती, त्यांनी पुन्हा विचारलं, ती पुन्हा नाही म्हणाली. मग पहिल्या बैठकीला खालचे चार दात काढायचं ठरलं.

त्या दिवशी दुपारी मी आत एका कवळीचे दात घासत बसलो होतो. डॉक्टरांनी हाक मारली, आणि हाक नेहमीची नव्हती. गेलो तर वैशाली खुर्चीत ताठ झालेली, कपाळ घामानं निथळत होतं आणि एक हात छातीवर. भुलीचं इंजेक्शन देऊन पाच मिनिटंही झाली नव्हती. मानेतली शीर मला दारातून उडताना दिसत होती. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला होता. रक्तदाबाचा आकडा त्यांनी वाचला आणि पट्टा सोडून पुन्हा बांधला.

मग त्या खाली वाकल्या आणि अगदी हळू बोलल्या. "वैशाली, मला पोलिसांशी काही देणंघेणं नाही. तू काय घेतेस ते आत्ता सांग. नाहीतर मी तुला चुकीचं औषध देईन."

वैशालीनं डोळे मिटले. "आईस," ती म्हणाली. "आज सकाळी पण."

मला तेव्हा आईस म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. नंतर डॉक्टरांनी समजावलं. मेथ म्हणतात त्याला, क्रिस्टल म्हणतात. खडीसाखरेच्या चुऱ्यासारखं दिसतं. ते शरीराला चाबूक मारून पळवतं. हृदय पळतं, रक्तदाब चढतो, झोप-भूक उडते, अंग तापतं. भूल टिकावी म्हणून दातांच्या इंजेक्शनात जे औषध मिसळलेलं असतं, तेही हृदयाचे ठोके वाढवतं. आधीच पळणाऱ्या घोड्याला दुसरा चाबूक बसला. तिनं खरं सांगितलं असतं तर डॉक्टरांनी त्या दिवशी सुईला हातही लावला नसता.

आम्ही तिला बाहेरच्या साध्या खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली उतरवलं. कापडाच्या दुकानातले दोघं धावून आले. जिना अरुंद, वळणावर माझी बोटं भिंतीत चेपली, ते मला संध्याकाळी कळलं. हॉस्पिटलमध्ये तीन दिवस ठेवलं. जीव वाचला. पण छातीचा फोटो आणि बाकीच्या तपासण्या झाल्यावर तिथल्या हृदयाच्या डॉक्टरांनी सुदामभाऊंना बाजूला घेऊन सांगितलं की मुलीच्या हृदयाचा स्नायू सैल पडलाय, हृदय फुगलंय. हे सोडलं तर बरंचसं भरून येईल. नाही सोडलं तर काय, ते त्यांनी बोलून दाखवलं नाही.

सुदामभाऊ त्या दिवशी दवाखान्यात आले आणि माझ्या खोलीतल्या स्टुलावर बसून राहिले. हातात टोपी. मग म्हणाले, "भाऊ, मी रुळाला केसभर तडा गेला तर चालता चालता वळकायचो. घरात पोरीचं एवढं झालं, मला दिसलं न्हाई."

त्यांना न सांगितलेली गोष्ट इथे लिहितो. वैशालीच्या आधी दोन वर्षांत तसेच तीन साचे माझ्या टेबलावरून गेले होते. तिघंही तरुण, तशाच सपाट झिजलेल्या दाढा, तसेच हिरडीलगत पोखरलेले पुढचे दात. एक टेम्पो चालवणारा होता, दुसरा बंगल्यावर स्वयंपाकी, तिसऱ्याचं आठवत नाही. मला नवल वाटलं होतं, पण त्यांचे दोन-दोन, चार-चार दात करायचे होते, ते मी केले आणि विसरलो; वैशालीचा साचा बघतानाही ते आठवले नाहीत. डॉक्टरांना साचे शेजारी शेजारी मांडून दाखवावेत असं मनात आलं नाही. मागच्या खोलीतल्या माणसानं पुढच्या खोलीत नाक खुपसू नये, असा माझा एक नियम होता. चांगला नियम होता, असं आता मला म्हणता येत नाही.

सगळे दात काढायचं काम पुढे पुण्यात, हृदयाच्या डॉक्टरांच्या नजरेखाली झालं. हिरड्या भरून येईपर्यंत काही महिने गेले. त्या काळात ती एका समुपदेशक बाईंकडे जात होती, वजन थोडं भरलं, गालावरचे डाग सुकले. माझ्याकडे ती मापासाठी, मग मेणाच्या दातांसाठी यायची तेव्हा बोलायची. सगळं एका दिवशी नाही सांगितलं, थोडं थोडं.

सुरुवात कामातूनच झाली होती. शनिवार-रविवारी रिसॉर्ट भरून वाहायचं, सलग दोन ड्युट्या कराव्या लागायच्या. उभ्यानं डुलक्या यायच्या आणि पाहुण्यासमोर जांभई आली की साहेब बोलायचे. बरोबरच्या एका मुलीनं दिलं, म्हणाली, झोप येणार नाही. झोप आलीच नाही. शिवाय मन फुलासारखं हलकं. त्या आठवड्यात घरी जाऊन तिनं सगळ्या भिंती पुसल्या, खिडक्या धुतल्या, वडिलांना वाटलं पोरगी किती गुणाची. भूक मेली, तशी बारीक झाली, आणि सगळे म्हणायला लागले, छान दिसतेस. तोंड सारखं कोरडं पडायचं म्हणून थंड पेयं. जबडा आपोआप आवळला जायचा, ड्युटी संपल्यावर कानशिलं दुखायची. दात घासायचं भान राहायचं नाही. पहिला दात पाव खाताना तुटला. हे सांगताना ती मेणाच्या पट्टीवर बोटानं रेघा ओढत होती.

थुंकीचं महत्त्व लोकांना कळत नाही, तेवढं मी जाता जाता सांगून टाकतो. तोंडाला पाणी सुटणं ही देवानं दिलेली धुण्याची सोय आहे. ते आटलं की दात उघडे पडतात.

कवळी करताना मी तिला जुना फोटो मागितला. कॉलेजातून पदवी घेतानाचा फोटो तिनं आणला. काय हसली होती. वरच्या चार दातांपैकी डावीकडचा एक किंचित शेजारच्यावर चढलेला, आणि त्यानं सगळ्या हसण्याला जिवंतपणा आलेला. नवखा कारागीर असता तर सरळ ओळ लावून मोकळा झाला असता. मी तो दात तसाच, तेवढाच चढवला. रंगही एकदम पांढरा नाही घेतला, तिच्या वर्णाला शोभेल असा घेतला. चार वेळा मेण उकरून पुन्हा लावलं. शंभर कवळ्यांत एखादी अशी होते की ती टेबलावर ठेवली तर वाटतं आता बोलेल. ती तशी झाली.

सुदामभाऊ बरोबर आले होते. वैशालीनं कवळी घातली, आरशात पाहिलं आणि वडिलांकडे वळून हसली. ते उठून गॅलरीत गेले. परत आले तेव्हा डोळे पुसलेले होते. मला म्हणाले, जयभीम, भाऊ. मी म्हटलं, जयभीम. त्या दिवशी मी घरी चालत गेलो नाही, तरंगत गेलो. सगळ्यांना सांगितलं, आज एका पोरीला मी तिचं हसू परत दिलं. असं बोलू नये माणसानं.

आठ-नऊ महिने बरे गेले. ती एका दुकानात हिशेबाला बसायला लागली होती, रिसॉर्ट सोडलं होतं. मग जुन्या ओळखीतलं कुणी भेटलं. पुढचं मला नंतर कळलं.

एका दुपारी दवाखाना बंद होता, नीला डॉक्टर पुण्याला गेल्या होत्या आणि मी एकटाच मागे काम करत होतो. वैशाली जिना चढून आली. तोंडात कवळी नव्हती, ती रुमालात गुंडाळून हातात धरलेली. केस पिंजारलेले, हात खरवडून लाल झालेले, डोळे असे की ते माझ्यावर ठरतच नव्हते. चार दिवस झोपली नव्हती. तिनं रुमाल माझ्या टेबलावर ठेवला.

"काका, यात काय बसवलंय ते काढा," ती म्हणाली.

मी विचारलं, काय बसवलंय? तर म्हणाली, मशीन. मी जे बोलते ते सगळं पुढं जातंय, दुकानात सगळ्यांना कळतंय मी काय विचार करते ते. मी तिला बसवलं, पाणी दिलं. पाणी तिनं हुंगून ठेवून दिलं. मी समजावत राहिलो की हे नुसतं प्लास्टिक आहे बाळ, मी माझ्या हातांनी भरलंय. ती एकच म्हणत होती, मग फोडून दाखवा.

आणि मी फोडून दाखवलं. ती माझी चूक. मला वाटलं डोळ्यांनी पाहिलं की भीती जाईल. मी करवतीनं वरची कवळी मधोमध कापली, तिच्या समोर. तो चढलेला दात एका तुकड्यात गेला. दोन्ही तुकडे तिच्या तळहातावर ठेवले. गुलाबी, भरीव, आत काही नाही.

तिनं ते बराच वेळ निरखले. मग माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच तिची नजर माझ्यावर ठरली.

"म्हणजे तुम्ही आधीच काढून घेतलंत," ती म्हणाली.

ती उठली आणि गेली. मी मागोमाग जिना उतरलो, पण बाजारात ती दिसली नाही. सुदामभाऊंना फोन केला, डॉक्टरांना केला. नीला डॉक्टर माझ्यावर चिडल्या नाहीत, पण म्हणाल्या ते मला लागलं. त्या नशेत मनाला जे दिसतं ते पुराव्यानं पुसलं जात नाही. अशा वेळी खोटं पाडायला जायचं नाही आणि खरंही म्हणायचं नाही. तू घाबरलीयस हे मला दिसतंय, एवढंच म्हणायचं, शेजारी बसायचं आणि घरच्यांना बोलवायचं, हॉस्पिटलला कळवायचं. मी शेजारी बसायच्या ऐवजी करवत घेतली होती.

ती घरी निघाली होती, रुळांच्या कडेकडेनं, चालत. ऊन कडक होतं. मळवलीच्या अलीकडे रुळांचं काम करणाऱ्या गँगला ती दिसली. त्यातल्या मुकादमानं तिला ओळखलं. सुदामभाऊंच्याच हाताखाली शिकलेला माणूस. तिला त्यांनी सावलीत घेतलं. अंग तव्यासारखं तापलं होतं आणि घाम आटला होता. डोक्यावर, मानेवर ओली फडकी ठेवली आणि गाडी मागवून हॉस्पिटलला नेलं. अर्धा तास आणखी गेला असता तर हाती लागली नसती, असं तिथले डॉक्टर म्हणाले. ह्या वेळी बारा दिवस अतिदक्षता विभागात. पायांवर सूज, छातीत पाणी. हृदय आता पहिल्यापेक्षा जास्त थकलं होतं. तिथून ती मनोरुग्णांच्या वॉर्डात गेली, मग व्यसनमुक्ती केंद्रात. मधे एकदा तिथून परत आली आणि पुन्हा घसरली, पुन्हा गेली. सुदामभाऊ दर रविवारी भेटायला जायचे. येताना कधी कधी लोणावळ्यापर्यंत येऊन माझ्याकडे बसायचे. मी दात घासत असे आणि ते बघत असत.

कापलेले तुकडे ती टेबलावरच सोडून गेली होती. जोडता आले असते, तुटलेली कवळी जोडणं हे आमचं रोजचं काम. पण मी ते जोडले नाहीत.

पावणेदोन वर्षांनी ती आली. माझं काम सुटायच्या आधी तीन महिने. जिन्यावर पावलं ऐकू आली, थांबली, मग पुन्हा आली. आमचा जिना उभा, पण तिशीच्या माणसाला दोनदा थांबायला लागावं एवढा नाही. आत येऊन तिनं धाप जाऊ दिली. गाल आत ओढलेले, तोंडात दात नाहीत, पण डोळे शांत. ओढणी तोंडावर नव्हती.

ती म्हणाली की कवळी करायची आहे, आणि एक विनंती आहे. करताना मला इथं बसू द्या. सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

मी नीला डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, तिच्या डॉक्टरांशी बोलते, मग बसू दे. तर ती पंधरा दिवस अधूनमधून येऊन बसली. प्लास्टर तिनं कालवलं, पहिल्या दिवशी पाणी जास्त झालं. मेण कसं मऊ करायचं ते शिकली. उग्र वासाचा लगदा भरायच्या दिवशी मी खिडक्या उघडल्या आणि तिला लांब बसायला सांगितलं. तिच्या छातीला तो वास नको. ती दारातून बघत राहिली, मी लगदा कसा दाबतो, झाकण कसं बसवतो. कधी काही विचारायची नाही. मीही त्या दुपारचं नाव काढलं नाही. एकदा फक्त म्हणालो, तेव्हा मी कापायला नको होती. ती म्हणाली, "काका, मला आठवतं ते खरं किती आणि मनाचं किती, माझं मलाच कळत नाही. तुम्ही पाणी दिलं होतं, ते आठवतं."

मेणात दात लावायच्या वेळी मी जुना फोटो पुन्हा मागितला. मला तो चढलेला दात पुन्हा साधायचा होता, मी सवयीनं तसंच करायला घेतलं होतं. ती थांबवत म्हणाली, "तो फोटो नको. ती आता मी नाहीये. आत्ता जशी आहे, तिला शोभतील असे लावा."

चौतीस वर्षं मी लोकांना त्यांचं गेलेलं परत देतो अशा ऐटीत होतो. गेलेलं परत येत नसतं. मी तिच्या चेहऱ्याकडे नव्यानं पाहिलं. गाल उतरलेले, हनुवटी टोकदार झालेली, वयापेक्षा थोडी मोठी दिसणारी बाई. दात जरा आखूड घेतले, कडा किंचित झिजवल्या, रंग एक छटा उतरवला. आरशात पाहून ती म्हणाली, हां, ही मीच.

शेवटच्या दिवशी मी तिला नेहमीच्या सूचना दिल्या. पहिले आठ दिवस मऊ खायचं, वरण-भात, खिचडी. पुढच्या दातांनी काही तोडायचं नाही, कवळी हिरडीवरून उचलली जाते. हृदयाच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत, हे माझ्या खात्यातलं नव्हतं, तरी सांगितलं. ती मान हलवत ऐकत होती. उद्याचं मी विचारलं नाही. दर दिवसाचं त्या दिवशी बघते, असं तिनं सुदामभाऊंना सांगितलं होतं.

ती जिना उतरली, मधे एकदा थांबून. मी गॅलरीत आलो. समोर पाटी घेऊन बसलेल्या मावशीपाशी ती उभी राहिली. हिवाळा होता, पाटीत पेरू होते. मावशीनं एक चिरून मीठ-तिखट लावून दिला. वैशालीनं वर आमच्या गॅलरीकडे एकदा पाहिलं, मला ती दिसत होती, मी तिला दिसलो की नाही सांगता येत नाही. मग तिनं दवाखान्याकडे पाठ केली, मान खाली घातली आणि पुढच्या दातांनी सरळ घास तोडला.

मला हाक मारायला हवी होती. मी मारली नाही. आत येऊन हात धुतले.